तेरा वेळा आलेले नाव

यहुदी पंचांगातल्या आव महिन्याची नववी तिथी शोकाची. यरुशलेमचे मंदिर दोनदा उद्ध्वस्त झाले आणि दोन्ही वेळा याच तिथीला, असे परंपरा मानते. कोकणातले बेने इस्राएल यहुदी पूर्वी या दिवसाला 'बिरड्याचा सण' म्हणत, कारण वालाचे बिरडे खाण्याची रीत त्यांच्याकडे या दिवसाला जोडलेली होती. या तिथीच्या आधीच्या शनिवारी सिनेगॉगमध्ये यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाचा पहिला अध्याय वाचतात आणि त्या वाचनाच्या सुरुवातीलाच दोन नावे ऐकू येतात: यशया आणि त्याचा बाप आमोज.

यशयाबद्दल सांगण्यासारखे पुष्कळ आहे. त्याच्या नावाचा ग्रंथ ६६ अध्यायांचा. तलवारी मोडून नांगराचे फाळ करण्याची कल्पना त्याच ग्रंथातली. ख्रिस्ती धर्माने तर या ग्रंथाचा इतका आधार घेतला की त्याला पाचवे शुभवर्तमानही म्हटले जाते. आमोजाबद्दल मात्र शास्त्र गप्प आहे. हिब्रू बायबलमध्ये त्याचे नाव तेरा वेळा येते. सात वेळा यशयाच्या ग्रंथात, तीन वेळा राजांच्या दुसऱ्या ग्रंथात आणि तीन वेळा इतिहासाच्या दुसऱ्या ग्रंथात. तेराही वेळा ते मुलाच्या नावाला चिकटून येते. आमोज कुठे राहिला, कोणत्या वंशातला होता, काय धंदा करत होता, त्याला कुठे पुरले, यातले एक अक्षर नाही.

या ग्रंथाला घरच्या माणसांचे वावडे आहे, असेही म्हणता येत नाही. यशयाची बायको त्यात आहे आणि तिला 'संदेष्ट्री' म्हटले आहे. दोन मुलगे आहेत. थोरला शआर-याशूब, म्हणजे 'उरलेले परत येतील'. धाकट्याचे नाव महेर-शालाल-हाश-बज, ज्याचा अर्थ होतो 'लूट लवकर, शिकार झटपट'. अंगणात खेळणाऱ्या पोराला या नावाने जेवायला हाक मारायची, म्हणजे आईची कसोटीच. आहाज राजाला वरच्या तळ्याजवळ, परटाच्या शेताच्या वाटेवर भेटायला यशया गेला तेव्हा थोरल्याला त्याने मुद्दाम बरोबर नेले होते. मुलांची नावे म्हणजे चालतीबोलती भाकिते, असा हा मामला. ज्याने पोरांच्या नावांतून राज्याचे भविष्य सांगितले, त्याच्या बापाचे नाव मात्र कोणतेही स्पष्टीकरण न देता पुढे ठेवलेले आहे.

तरी नुसत्या नावातूनही थोडे हाती लागते. इ.स.पू. ७०१ मध्ये अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदा राज्यावर चालून आला. त्याच्या सरदाराशी बोलायला हिज्कीया राजाने तीन माणसे पाठवली. त्यांतला एल्याकीम हा हिल्कीयाचा मुलगा आणि यवाह हा आसाफाचा मुलगा, असे ग्रंथ सांगतो. तिसऱ्याची ओळख मात्र फक्त 'शेबना चिटणीस'. बापाचे नाव नाही. हाच शेबना स्वतःसाठी उंच कातळात थडगे कोरून घेत होता. इथे तुझे आहे तरी कोण, या अर्थाचा प्रश्न यशयाने त्याला विचारल्याचे बाविसाव्या अध्यायात येते. शेबना उपरा असावा, स्वतःच्या हिमतीवर वर चढलेला असावा, असे पुष्कळ अभ्यासक त्यावरून म्हणतात. (यरुशलेमजवळच्या सिलवानमध्ये १८७० साली एका थडग्यावरचा कोरीव लेख सापडला. तो १९५३ मध्ये नाहमान अविगाद यांनी वाचला. लेख राजवाड्याच्या एका कारभाऱ्याचा आहे. नावाचा पुढचा भाग तुटलेला असला, तरी तो हाच शेबना असावा असा तर्क आहे. लेख आता ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.)

सन्हेरीबाच्या स्वारीच्या कथेत पुढच्याच अध्यायात राजा एल्याकीम, शेबना आणि वडील याजकांना यशयाकडे पाठवतो आणि तिथे मजकूर सांगतो, 'आमोजाचा मुलगा यशया' याच्याकडे. एकाच वाक्यात शेबनाला बाप नाही आणि यशयाला आहे. यरुशलेमच्या दरबारी वर्तुळात बापाचे नाव लागणे म्हणजे त्या माणसाचे घराणे लोकांना ठाऊक असणे. आमोज कोण होता हे त्या काळच्या वाचकाला सांगावे लागत नव्हते, एवढे तरी यावरून धरता येईल. आपली अडचण अशी, की तो वाचक गेला आणि त्याच्याबरोबर ती माहितीही गेली.

ही पोकळी तशीच सोडून देणे यहुदी पंडितांच्या स्वभावात नव्हते. शास्त्रातला एकही शब्द फुकट नाही, अशी त्यांची धारणा. मग तेरा वेळा आलेले नाव फुकट कसे असेल?

पहिला उपाय एका नियमाचा. तालमूद, म्हणजे यहुदी पंडितांच्या चर्चांचा संग्रह, याच्या मगिल्ला या भागात उल्ला नावाच्या पंडिताच्या तोंडी तो येतो. भाकीत सांगताना संदेष्ट्याचे स्वतःचे आणि बापाचे, अशी दोन्ही नावे दिली असतील, तर बापही संदेष्टा होता असे समजावे. बापाचे नाव नसेल तर बाप संदेष्टा नव्हता. गावाचे नाव दिले असेल तर माणूस त्या गावचा, नसेल तर यरुशलेमचा. मराठी वाचकाला हे गणित परके वाटू नये. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि 'कर' लावलेले गाव, ही आपलीही ओळखपत्राची रीत आहे. बेने इस्राएल समाजाचा इतिहास लिहिणारे हाइम शमुएल केहिमकर यांच्या नावात हे तिन्ही एका ओळीत येतात. फरक एवढाच की उल्लाने त्या रचनेतून माणसाच्या बापाची योग्यता काढली.

या नियमाने आमोज एका झटक्यात संदेष्टा झाला आणि गावाचे नाव नसल्यामुळे यशया यरुशलेमकर ठरला. तालमूदमध्ये इस्राएलच्या अठ्ठेचाळीस संदेष्ट्यांचा उल्लेख आहे. ते कोण, हे सांगताना अकराव्या शतकातला फ्रान्सचा भाष्यकार राशी जी यादी देतो, तिच्यात आमोस आणि मीखा यांच्यानंतर आमोजाचे नाव येते. एकही भाकीत नावावर नसताना.

भाकीत नाही याची खंत पंडितांनाही असावी, कारण दुसऱ्या एका बापासाठी त्यांनी भाकीत शोधून काढलेच. होशेय संदेष्ट्याचा बाप बैरी. लेवीय ग्रंथावरच्या मिद्राशात, म्हणजे पंडितांच्या कथारूप भाष्यात, म्हटले आहे की बैरीने फक्त दोन वचने सांगितली. दोन वचनांचा ग्रंथ होत नाही म्हणून ती यशयाच्या ग्रंथात, आठव्या अध्यायात, जोडून टाकली. म्हणजे आमोजाच्या मुलाच्या ग्रंथात होशेयाच्या बापाला जागा मिळाली आणि खुद्द आमोजाला नाही! यहेज्केलाचा बाप बूजी. हे नाव हिब्रूतल्या तिरस्कारवाचक शब्दासारखे ऐकू येते. लोकांनी ज्याचा तिरस्कार केला असा संदेष्टा म्हणजे यिर्मया, तेव्हा बूजी म्हणजे यिर्मयाच, अशी एक जोडणी. योनाचा बाप अमित्तय, आणि त्या नावात 'सत्य' आहे. सारफथच्या विधवेचा मेलेला मुलगा एलीयाने उठवला तेव्हा तुझ्या तोंडचे वचन सत्य आहे, असे ती म्हणाली होती. म्हणून तोच मुलगा पुढे योना झाला. आजच्या भाषाशास्त्राला हे पटणार नाही. पण या मंडळींनी ग्रंथ किती बारकाईने वाचला होता, याचा हा पुरावा आहे. एका पुस्तकातला सुटा धागा दुसऱ्या पुस्तकातल्या सुट्या धाग्याला बांधायचा, ही त्यांची पद्धत.

कोकणातल्या बेने इस्राएलांचा सर्वांत लाडका संदेष्टा एलीया या कसोटीवर कुठे बसतो, हेही पाहण्यासारखे आहे. मलिदा या त्यांच्या नैवेद्याच्या विधीत त्याचेच गुणगान असते. अलिबागजवळच्या खंडाळ्याला त्याच्या रथाच्या खुणा दाखवतात. पण शास्त्रात त्याच्या बापाचे नावच नाही. 'तिश्बी' एवढीच त्याची ओळख. त्यामुळे तो गादाच्या वंशातला, की बन्यामिनाच्या, की याजकांच्या घराण्यातला, यावर पंडितांची जुंपली. याउलट त्याचा चेला अलीशा हा शाफाटाचा मुलगा, आणि तिथे घरातली एक खरी घडामोड दिसते. बारा जोड्या बैलांनी शेत नांगरत असताना एलीया येऊन अलीशाच्या अंगावर झगा टाकतो. आईबापाचे चुंबन घेऊन येतो, असे अलीशा म्हणतो. निरोपापुरता का होईना, शाफाट दिसतो. आमोजाच्या वाट्याला तेवढेही आले नाही.

आमोजाला नियमापलीकडे जी खरी बढती मिळाली ती वेगळ्याच ठिकाणी. रब्बी लेवी यांच्या नावावर तालमूदमध्ये एक छोटे विधान आहे. आमोज आणि यहूदाचा राजा अमस्या हे भाऊ होते आणि ही गोष्ट आमच्याकडे वाडवडिलांपासून चालत आली आहे, असा त्याचा आशय. युक्तिवाद नाही, वचनाचा आधार नाही. ऐकीव आहे आणि ऐकीव म्हणूनच सांगतो, हा प्रामाणिकपणा लक्षात घेण्याजोगा. विधान येते कुठे, तर तामारेच्या स्तुतीत. सासरी लाजून राहणाऱ्या सुनेच्या पोटी राजे आणि संदेष्टे जन्मतात, असे एक पंडित सांगतो आणि उदाहरण देतो यहूदा वंशाचा मूळपुरुष यहूदा याची सून तामार हिचे. तिच्या वंशात राजे झाले, कारण दावीद तिचाच वंशज. पण संदेष्टे? तिथे यशया कामाला येतो. आमोज राजाचा भाऊ असेल तर तो दाविदाच्या कुळातला आणि मग यशयाही तामारेचाच. आमोजाचे राजघराणे आपल्यापर्यंत पोहोचले ते एका बाईचा मान राखण्यासाठी.

हे कितपत खरे असू शकते? आमोज आणि अमस्या ही दोन्ही नावे हिब्रूतल्या एकाच, 'बळकट असणे' या अर्थाच्या धातूपासून झालेली आहेत. परंपरा कदाचित या साम्यातूनच निघाली असेल. कालगणना मात्र तिच्या आड येत नाही. अमस्याचा बाप योवाश सातव्या वर्षी गादीवर बसला आणि त्याने चाळीस वर्षे राज्य केले. म्हणजे साधारण इ.स.पू. ७९६ मध्ये तो मेला तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचा होता आणि अमस्या पंचवीस वर्षांचा. अमस्याला अगदी तान्हा भाऊ असणे शक्य होते. यशयाचे पाचारण उज्जीया राजा मेला त्या वर्षी, सुमारे इ.स.पू. ७४० मध्ये झाले आणि इ.स.पू. ७०१ मध्येही तो काम करत होता. तो ७६५ च्या सुमारास जन्मला असे धरले, तर आमोज तेव्हा तिशी ओलांडलेला. गणित बसते.

गणित बसले म्हणून नाते सिद्ध होत नाही. सफन्या या संदेष्ट्याच्या ग्रंथात त्याची चार पिढ्यांची वंशावळ दिली आहे आणि ती हिज्कीया या नावाशी येऊन थांबते. हा हिज्कीया राजाच असावा, एरवी इतके मागे जाण्याचे कारण काय, असे अनेकांना वाटते. राजघराण्यातला पूर्वज असला की लिहिणारे सांगतात. यशयाच्या बाबतीत एका पिढीवर राजा असता तर ते गप्प बसले असते का? बाराव्या-तेराव्या शतकातला नारबोनचा भाष्यकार दाविद किम्ही या बाबतीत सरळ माणूस. यशयाचे कुळ आपल्याला ठाऊक नाही, वंशही ठाऊक नाही, फक्त जुन्या पंडितांची ही एक परंपरा आहे, असे तो नोंदवतो आणि पुढे जातो.

पण भावाचे नाते एकदा मान्य केले की एक रिकामी जागा आपोआप भरते आणि इथे परंपरेने आमोजाला त्याचा एकमेव प्रवेश दिला आहे. इतिहासाच्या दुसऱ्या ग्रंथाचा पंचविसावा अध्याय अमस्याचा. अदोमवर स्वारी करायची म्हणून त्याने यहूदातून तीन लाख माणसे मोजली. तेवढ्याने समाधान होईना, म्हणून शेजारच्या इस्राएल राज्यातून एक लाख भाडोत्री सैनिक घेतले आणि त्यांच्यासाठी शंभर किक्कार चांदी आगाऊ मोजली. एक किक्कार सुमारे ३४ किलोचा धरला, तर ही साडेतीन टनांच्या आसपास चांदी. आकडे फुगवलेले असतील, पण व्यवहार ओळखीचा आहे. तेवढ्यात 'देवाचा एक माणूस' येतो आणि सांगतो, हे सैन्य बरोबर नेऊ नकोस, परमेश्वर त्यांच्याबरोबर नाही. राजाचा पहिला प्रश्न देवाबद्दल नसतो. तो विचारतो, मग माझ्या शंभर किक्कारांचे काय? यापेक्षा पुष्कळ देणे परमेश्वराच्या हाती आहे, असे उत्तर मिळते.

बायबलमधल्या राजांच्या तोंडी इतका खराखुरा प्रश्न क्वचितच आला असेल.

राजाने ऐकले आणि भाडोत्री सैन्य परत पाठवले. ते चिडले आणि जाता जाता यहूदाची गावे लुटून तीन हजार माणसे मारून गेले. अमस्याने मिठाच्या खोऱ्यात अदोमचा पराभव केला. दहा हजार कैदी कड्यावरून लोटून दिल्याचे भयंकर वर्णन ग्रंथ देतो. नंतर ज्यांना हरवले त्यांचेच देव त्याने घरी आणून पुजले. पुन्हा एक संदेष्टा बोलायला आला, तर तुला राजाचा सल्लागार कोणी नेमले, मार खायचा आहे का, असे म्हणून त्याला गप्प केले. पुढे इस्राएलच्या राजाने बेथ-शेमेशला अमस्याचा धुव्वा उडवला आणि यरुशलेमच्या तटाचा चारशे हातांचा भाग पाडला. शेवटी राजा लाखीशला पळाला आणि तिथे मारला गेला.

तो पहिला, चांदीचा हिशेब ऐकून घेणारा 'देवाचा माणूस' कोण? शास्त्र नाव देत नाही. 'सेदेर ओलाम' हा रब्बींचा जुना कालगणनाग्रंथ देतो: आमोज. अमस्याच्या काळात हजर असलेला, बोलायची छाती असलेला, उल्लाच्या नियमाने संदेष्टा असलेला आणि हाताशी कसलेच काम नसलेला दुसरा कोण होता? नावाला प्रसंग मिळाला आणि प्रसंगाला नाव. शिवाय चित्रही बरे जुळते. भावाला भर दरबारात तोंडावर सांगणारा बाप आणि आहाजाला वाटेत गाठून सुनावणारा मुलगा.

हे नाते मानले तर पुढच्या गोष्टींनाही रंग चढतो. अमस्याचा मुलगा उज्जीया, म्हणजे यशयाचा चुलतभाऊ. उज्जीयाचा पणतू हिज्कीया, म्हणून यशया हा हिज्कीयाचा चुलत पणजोबा. तालमूदच्या बराखोत भागातली या दोघांची कहाणी या नात्याच्या उजेडात वाचावी. कोणी कोणाकडे जायचे, यावर दोघे अडून बसलेले. एलीया अहाब राजाकडे गेला होता, तेव्हा यशयाने माझ्याकडे यावे, असे हिज्कीया म्हणतो. अहाबाचा मुलगा अलीशाकडे गेला होता, तेव्हा राजाने माझ्याकडे यावे, असे यशया. शेवटी देवच तोड काढतो. हिज्कीयाला आजारी पाडतो आणि यशयाला सांगतो, जा, आजाऱ्याला भेटून ये.

यशया जातो तो मरणाची वार्ता घेऊन. एवढी शिक्षा का, असे राजा विचारतो. तू लग्न करून वंश वाढवला नाहीस म्हणून. माझी पोरे वाईट निघणार हे मला आधीच दिसले होते, असे राजा सांगतो. देवाच्या गुपितांशी तुला काय करायचे, तू तुझे कर्तव्य कर, असे यशया फटकारतो. मग तुझीच मुलगी दे, तुझ्या आणि माझ्या पुण्याईने पोरे चांगली निघतील, अशी राजाची मागणी. निकाल लागून गेला आहे, असे उत्तर येताच राजा उसळतो आणि त्याला नावाने नाही, 'आमोजाच्या पोरा' अशा थाटात संबोधून सांगतो की तुझे भाकीत आटप आणि चालता हो. गळ्यावर धारदार तलवार टेकली तरी दयेची आशा सोडू नये, हे मला आजोबांच्या घराण्यातून मिळाले आहे, असेही बजावतो. सगळ्या परंपरेत आमोजाच्या नावाचा एवढा जिवंत वापर दुसरीकडे सापडत नाही, आणि तो झाला आहे रागात.

राजा तेव्हा निपुत्रिक होता हे पंडितांनी कुठून काढले? साध्या वजाबाकीतून. आजारातून उठल्यावर हिज्कीयाला पंधरा वर्षे वाढवून मिळाली. तो मेला तेव्हा गादीवर आलेला मनश्शे बारा वर्षांचा होता. म्हणजे त्याचा जन्म आजारानंतर. परंपरा सांगते की लग्न शेवटी झालेच आणि मनश्शे हा यशयाच्या मुलीचा मुलगा. भीती खरी ठरली. यहूदाच्या सर्वांत वाईट राजांत मनश्शेची गणना होते. तालमूदच्या कथेत तो आजोबावर खटला भरतो. देवाला पाहून कोणी जगत नाही असे मोशे सांगतो, मग तू देवाला पाहिले असे कसे म्हणतोस? मी उत्तर दिले तरी हा ऐकणार नाही, असे जाणून यशया पवित्र नाम उच्चारतो. गंधसरूचे झाड त्याला पोटात घेते. मनश्शे ते झाड करवतीने कापायला लावतो. आमोजाच्या मुलाला आमोजाच्या पणतूने मारले, असा या घराण्याचा शेवट परंपरेने रंगवला.

आमोजाला आणखी एका संकटातून जावे लागले, आणि त्यात त्याचा काही दोष नव्हता. हिब्रूत आमोज आणि आमोस ही नावे वेगळी, अक्षरेही वेगळी. मराठी बायबलातही ती वेगळी राहिली. ग्रीक भाषेत हिब्रूचे ते ध्वनी नव्हते, त्यामुळे जुन्या ग्रीक भाषांतरात दोन्ही नावे एकसारखी झाली. तेवढ्यावर ग्रीक वाचणाऱ्या काही ख्रिस्ती लेखकांनी तकोवाचा मेंढपाळ संदेष्टा आमोस यालाच यशयाचा बाप करून टाकले. बेथलेहेममध्ये बसून हिब्रू शिकलेल्या जेरोमने पाचव्या शतकाच्या सुरुवातीला हा घोळ अक्षरे दाखवून निस्तरला. यहुद्यांकडे तो कधी झालाच नाही. यशयाच्या पाचारणाच्या मिद्राशात देव म्हणतो की मी मीखाला पाठवले तर लोकांनी त्याच्या गालात मारली, आमोसाला पाठवले तर त्याला तोतरा म्हटले, आता कोणाला पाठवू? बाप असता तर मुलगा तिथे काही तरी बोलला असता! अरबी इतिहासकार तबरीकडे आणखी वेगळे वळण आहे. तिथे संदेष्टा 'शाया' याच्या बापाचे नाव अमस्यासारखे येते. काका आणि बाप एक झाले.

आधुनिक अभ्यासकांनी आमोजाच्या नावाकडे पाहिले ते ग्रंथाचे वय शोधताना. यशयाच्या ग्रंथातले चाळिसाव्या अध्यायापासूनचे भाग बाबिलोनच्या बंदिवासाच्या काळातले आणि त्यानंतरचे आहेत, असे आज बहुतेक जण मानतात. अडतिसाव्या अध्यायानंतर आमोजाचे नाव येत नाही आणि एकोणचाळिसाव्यानंतर यशयाचेही नाही. १९४७ साली मृत समुद्राजवळच्या कुमरानच्या गुहेत सापडलेली यशयाची गुंडाळी ७ मीटर ३४ सेंटीमीटर लांब आहे आणि तिच्यावर मजकुराचे ५४ स्तंभ आहेत. पहिल्याच स्तंभाच्या सुरुवातीला बापलेकांची नावे आहेत. शेवटचे अध्यायही त्याच गुंडाळीत, सलग लिहिलेले. इ.स.पू. दुसऱ्या शतकातल्या त्या लेखनिकासाठी सगळा ग्रंथ आमोजाच्या मुलाचाच होता.

जमिनीतून काही निघाले का? 'आमोज लेखक' अशी अक्षरे असलेली एक जुनी मुद्रा आहे. १९६० साली रॉबर्ट अँडरसन यांनी तिच्या आधाराने सुचवले की यशयाचे घराणे दरबारी लेखनिकांचे असावे. उज्जीयाची कारकीर्द आमोजाचा मुलगा यशया याने लिहून ठेवली, असे इतिहासाचा दुसरा ग्रंथ सांगतोच. राजाच्या भावापेक्षा राजाचा लेखनिक हे उत्तर अधिक पचनी पडणारे आहे. पण एका मुद्रेवरचा आमोज तो हाच, हे कसे ठरवणार?

यरुशलेमच्या ओफेल भागात २००९ साली एलात मझार यांच्या उत्खननात मातीचे काही ठसे मिळाले. एकावर 'हिज्कीया, आहाजाचा मुलगा, यहूदाचा राजा' असे स्पष्ट आहे. तिथून सुमारे तीन मीटरवर सापडलेला दुसरा ठसा जेमतेम एक सेंटीमीटरचा आणि तुटका. त्यावर 'यशया' आहे आणि खालच्या ओळीत न, ब, य ही अक्षरे. पुढे एक अक्षर होते आणि ते तुटले असे धरले, तर शब्द होतो 'नबी', म्हणजे संदेष्टा. २०१८ मध्ये मझार यांनी तसे सुचवले आणि जगभर बातमी झाली. क्रिस्टोफर रोलस्टन यांच्यासारख्या लिपितज्ज्ञांनी हात आखडता घेतला. हिब्रू मुद्रांवर मालकाच्या नावाखाली बहुधा बापाचे नाव असते आणि 'चा मुलगा' हे शब्द पुष्कळदा गाळलेले असतात. ती तीन अक्षरे बापाचे नाव असतील, तर हा यशया कोणा नबीचा किंवा नोबयचा मुलगा ठरतो आणि मग तो आमोजाचा यशया नव्हे.